चित्रातला माणूस तपासताना

चित्रकलेच्या एका शिक्षकांनी विचारलं आहे: रेनेसाँची, म्हणजे युरोपातल्या प्रबोधनकाळाची, चित्रं दाखवत असताना वर्गातल्या एका मुलीने प्रश्न केला, मोनालिसाचं कोलेस्टेरॉल वाढलेलं होतं हे खरं का? त्यांनी शोधाशोध केली तेव्हा अशी ढीगभर निदानं सापडली. कुणाला कॅन्सर, कुणाला थायरॉइड, कुणाला हाडांचा आजार. डॉक्टर हे कशावरून ठरवतात, त्यातलं किती धरायचं आणि किती सोडायचं, आणि वर्गात दाखवायची तर कुठली चित्रं घ्यायची, असं त्यांना जाणून घ्यायचं आहे.

सर, मी त्वचारोगाची डॉक्टर आहे. मिरजेत ३१ वर्षं प्रॅक्टिस करते. आमच्या शाखेत पेशंट खुर्चीत टेकायच्या आत निम्मं काम डोळ्यांनी झालेलं असतं, आणि तीच सवय घेऊन मी चित्रंही बघत आले. या सवयीमुळे माझ्या हातून एक चूक झाली होती. ती आधी सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथेच आहे.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये एका आईने मुलाच्या दंडाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. सावळ्या कातडीवर एक फिकट चट्टा. मी फोटो मोठा करून पाहिला आणि कुष्ठरोगाची शंका बोलून दाखवली. एसटी बंद, नाकाबंदी, त्यामुळे ते लोक येऊ शकले ते सात आठवड्यांनी. मी मुलाला डोळे मिटायला सांगितलं आणि कापसाची वात चट्ट्यावर टेकवली. प्रत्येक वेळी त्याने बरोबर सांगितलं, "इथं." संवेदना शाबूत होती. नखाने हलकं खरवडलं तर बारीक कोंडा निघाला. ती साधी शिबं होती. मलम दिलं, रंग भरून यायला काही महिने लागले, एवढंच. पण त्या सात आठवड्यांत ती माउली एकही रात्र नीट झोपली नव्हती. फोटोत रंग होता, आकार होता, स्पर्श नव्हता, आणि माझं निदान तर स्पर्शावरच ठरणार होतं.

पाचशे वर्षांपूर्वीचं व्यक्तिचित्र म्हणजे असाच दुरून आलेला फोटो. तोही माणसाच्या हाताने काढलेला, पैसे घेऊन, गिऱ्हाइकाला आवडेल असा, आणि नंतर कित्येकदा पुसलेला, वार्निश केलेला, डागडुजी केलेला. वैद्यकात आम्ही लक्षण आणि चिन्ह वेगळं धरतो. पेशंट सांगतो ते लक्षण, आम्हाला दिसतं ते चिन्ह. चित्रातला माणूस काहीच सांगत नाही. त्याला खाज आहे का, रात्री घाम येतो का, घरात आणखी कुणाला आहे का, हे विचारायची सोय नाही. तेव्हा 'मोनालिसाला काय झालं होतं' याच्या आधी आपल्याला एक वेगळा प्रश्न सोडवावा लागतो: हा ठिपका माणसाच्या अंगावर होता, चित्रकाराच्या मनात होता, की नंतर काळाने चित्राच्या लाकडी फळीवर आणला? उत्तर चित्रागणिक बदलतं. म्हणून सरसकट 'हे सगळं खरं' किंवा 'हे सगळं थोतांड' असं मी म्हणणार नाही.

मोनालिसाच्या डाव्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापाशी खरोखरच एक लहान पिवळसर उंचवटा दिसतो. पापणीवर येणाऱ्या अशा चकत्यांना आम्ही झँथेलाझ्मा म्हणतो, कातडीखाली चरबी साठवलेल्या पेशींचे ते पुंजके असतात. बेल्जियममधले संधिवाततज्ज्ञ यान डेकेकर यांनी २००४ मध्ये हे मांडलं. हातावरच्या फुगीर भागाला त्यांनी चरबीची गाठ म्हटलं. २०१८ मध्ये दुसऱ्या डॉक्टरांनी पिवळट कातडी, नसलेल्या भुवया आणि किंचित सुजलेला हात यांवरून थायरॉइड मंद असल्याचं सुचवलं.

आता माझ्या क्लिनिकमध्ये डोळ्यापाशी अशी चकती घेऊन कुणी आलं तर मी काय करते? रक्तातली चरबी तपासायला पाठवते. आणि साधारण निम्म्या लोकांचा रिपोर्ट नॉर्मल येतो. म्हणजे खुद्द जिवंत पेशंटच्या बाबतीतही चकतीवरून कोलेस्टेरॉलचा आकडा सांगता येत नाही. पिवळेपणाचं म्हणाल तर ते म्हातारं झालेलं वार्निश आहे, त्यात आकाशही पिवळं झालेलं आहे. आणि भुवया? माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात मोनालिसाची एक प्रत आहे, लिओनार्दोच्याच चित्रशाळेत मूळ चित्राच्या बरोबरीने होत गेलेली. २०१२ मध्ये ती साफ केली तेव्हा ताजा गुलाबी चेहरा समोर आला, आणि त्याला भुवया आहेत. चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या व्हासारीने १५५० मध्ये छापलेल्या वर्णनातही भुवयांचं कौतुक आहे, जरी त्याने मूळ चित्र बहुधा पाहिलेलं नसलं तरी. मग मूळ चित्रातल्या भुवया पुसापुशीत गेल्या असतील, ही शक्यता थायरॉइडपेक्षा जास्त वजनदार ठरते. जिचं हे चित्र मानतात ती लिझा गेरार्दिनी १५४२ मध्ये वारली, ६३ वर्षांची होऊन. त्या मुलीला सांगा: डोळ्यापाशी काहीतरी आहे, पण त्यावरून तिच्या रक्ताबद्दल काही बोलता येत नाही.

मी स्वतः चित्रासमोर उभी राहिले की पहिली गोष्ट करते ती म्हणजे त्याच चित्रातले बाकीचे चेहरे बघते. हे चित्रकाराला जितकं सहज सुचतं तितकं डॉक्टरांना सुचत नाही. पार्मिज्यानिनोची फ्लॉरेन्समधली 'लांब मानेची मॅडोना' घ्या, मॅडोना म्हणजे येशूची आई मारिया, १५३४ मध्ये सुरू केलेली आणि १५४० मध्ये तो वारला तेव्हा अपुरीच राहिलेली. लांब बोटं, लांब मान बघून कुणाला मार्फान सिंड्रोम आठवेल, हातपाय-बोटं लांबट होणारा जन्मजात आजार. पण तिच्या मांडीवरचं बाळ लांब, शेजारचे देवदूत लांब, मागचा खांबसुद्धा लांब. सगळ्यांनाच एक आजार असू शकत नाही. ही त्या चित्रकाराची शैली आहे. एल ग्रेकोची माणसं ताणलेली दिसतात म्हणून त्याच्या डोळ्यातच दोष होता, असंही पूर्वी म्हटलं जायचं. पण त्याला जग ताणलेलं दिसत असेल तर स्वतःचा कॅनव्हासही तसाच ताणलेला दिसला असता, आणि दोन्ही चुका एकमेकींत जिरून चित्र सरळ उतरलं असतं. तुमच्या विद्यार्थ्यांना हे कोडं घालाच.

याच कसोटीला उतरणारं उलट उदाहरण न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. १५१५च्या सुमाराचं, यान योस्ट या चित्रकाराच्या एका अनुयायाने केलेलं बाळ येशूच्या पूजेचं चित्र. मारियेच्या शेजारच्या देवदूतांपैकी एकाचा चेहरा बाकीच्यांहून निराळा आहे: चपटा मधला भाग, वर गेलेले डोळे, आतल्या कोपऱ्यावर कातडीची घडी, छोटं नाक. डाऊन सिंड्रोमचं वैद्यकीय वर्णन झालं १८६६ मध्ये, म्हणजे त्यानंतर साडेतीनशे वर्षांनी. एकेक खूण सुटी घेतली तर मी मान डोलावली नसती. इतक्या खुणा एका चेहऱ्यावर, आणि देवदूतांत तेवढ्याच चेहऱ्यावर, म्हटल्यावर कुणीतरी खरं मूल त्या चित्रकाराच्या डोळ्यांसमोर होतं असं मला मनापासून वाटतं. त्याला देवदूतांच्या रांगेत जागा मिळाली, याने मला फार भरून येतं.

दुसरी गोष्ट, त्याच माणसाचं दुसरं चित्र मिळतं का. पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात गिर्लांदायोचं १४९०च्या आसपासचं म्हातारा आणि नातवाचं चित्र आहे. म्हाताऱ्याचं नाक गाठी आल्यासारखं, फुगलेलं. याला राइनोफायमा म्हणतात. नाकाच्या कातडीतल्या तेलग्रंथी वाढत जातात, बहुतेकदा रोझेशिया नावाच्या जुन्या त्वचाविकारातून. लोक अशा माणसाला दारुडा समजतात, आणि ते साफ चूक आहे. माझ्याकडे असे मोजकेच पेशंट आले, पण आलेल्या प्रत्येकाने पहिल्या दोन वाक्यांत 'मॅडम, मी पीत नाही' हे सांगितलंच. इथे मी निदानाबद्दल निर्धास्त का आहे? स्टॉकहोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्याच म्हाताऱ्याचं रेखाटन आहे, डोळे मिटलेलं, कदाचित मृत्यूनंतरचं. नाक तेच आहे. शिवाय या नाकातून चित्रकाराला काही टोमणा मारायचा नव्हता.

टोमणा मारायचा असेल तर काय होतं ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत दिसतं. क्वेंटिन मात्सिसचं १५१३च्या सुमाराचं म्हाताऱ्या स्त्रीचं चित्र, जे 'कुरूप सरदारीण' म्हणून ओळखलं जातं. वर गेलेलं नाक, लांबलचक वरचा ओठ, रुंद जबडा, मोठं कपाळ. डेकेकर यांनीच १९८९ मध्ये इथे पॅजेटचा आजार सुचवला. या आजारात हाड एकीकडे झिजतं, दुसरीकडे वेडंवाकडं भरत जातं आणि जाड होतं. जेम्स पॅजेट यांनी तो १८७७ मध्ये वर्णिला. हाडांच्या दृष्टीने तर्क चांगला आहे. पण बाईंच्या डोक्यावरचं शिंगांचं शिरोभूषण तेव्हा कित्येक दशकं जुनं झालेलं होतं, हातात प्रेमाची खूण म्हणून कळी आहे, आणि जोडीच्या चित्रातला म्हातारा तिला हाताने नकार देतो आहे. तरुणपणाचा सोस न सुटलेल्या म्हातारीची ती थट्टा आहे. त्यात इंग्लंडमधल्या विंडसरच्या राजसंग्रहात लिओनार्दोच्या मंडळींकडून आलेलं, जवळजवळ हाच चेहरा असलेलं रेखाटन आहे. चेहरा जर कागदावरून कागदावर फिरत असेल, तर समोर बसलेली बाई कुठली? मी इथे पॅजेटचं नाव पेन्सिलीने लिहीन. आणि खरंच ती आजारी बाई असेल, तर पाचशे वर्षं लोक एका पेशंटला हसत आले आहेत, हा विचार मला बोचतो.

रंगाबद्दल एक सावधगिरी. फिकटपणा दिसला की ॲनिमिया म्हणायचा मोह होतो. पिएरो देला फ्रांचेस्काने उर्बिनोचा सरदार फेदेरिको आणि त्याची बायको बाटिस्टा यांची जोडचित्रं केली, ती फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात आहेत. फेदेरिकोचा उजवा डोळा १४५० मध्ये झुंजीच्या खेळात गेला होता, म्हणून त्याची डावीच बाजू दाखवली आहे. पण नाकाच्या दांड्याला पडलेली खोबण आणि गालावरचे मस मात्र पिएरोने झाकले नाहीत. इतका प्रामाणिक चित्रकार, आणि समोरची बाटिस्टा खडूसारखी पांढरी. जानेवारी १४७२ मध्ये मुलगा झाला, जुलैमध्ये ती वारली, २६ वर्षांची. बाळंतपण, रक्तस्राव, ॲनिमिया अशी साखळी डॉक्टरांच्या डोक्यात लगेच जुळते. पण चित्र बहुधा तिच्या मृत्यूनंतरचं आहे. शिवाय खानदानी बायकांची कातडी पांढरी दाखवायची पद्धत होती, कपाळावरचे केस उपटून ते उंच करायची फॅशन होती. नवऱ्याचे मस मी मानते. बायकोचा फिकटपणा निदान म्हणून मानत नाही.

स्तनाच्या कॅन्सरबद्दल बरंच लिहिलं जातं, त्यात मला एकच उदाहरण भक्कम वाटतं, आणि तेही शिल्प आहे: मायकेलअँजेलोची 'रात्र', फ्लॉरेन्सच्या सान लोरेन्झोमध्ये. कॅन्सरतज्ज्ञ जेम्स स्टार्क आणि कलेतिहासकार जोनाथन नेल्सन यांनी २००० मध्ये दाखवलं, की डाव्या स्तनावर फुगवटा आहे, कातडी ओढली गेली आहे, स्तनाग्राची ठेवण बिघडली आहे. उजवा स्तन आणि त्याच दालनातली 'पहाट' ही दुसरी मूर्ती यांत असं काही नाही. म्हणजे पुन्हा तीच तुलना. राफाएलच्या 'फोर्नारिना'बद्दलही दावा झाला आहे. तिथे तिचा स्वतःचा हात स्तनावर दाबलेला आहे आणि दाबाने आकार बदलतोच, तेव्हा तो दावा मी धरत नाही.

गलगंडाचं वेगळं आहे. आल्प्सच्या आणि अपेनाइन डोंगरांच्या आसपास मातीत-पाण्यात आयोडीन कमी, त्यामुळे गळा सुजलेली माणसं रस्त्यावर नेहमी दिसत. सिस्टीन चॅपलचं छत रंगवताना मान वर करून करून आपल्यालाही लोम्बार्डीच्या पाण्याने मांजरांना होतो तसा गलगंड झाला आहे, असं मायकेलअँजेलोने एका कवितेत म्हटलं आहे. म्हणजे पाण्याशी नातं लोकांना ठाऊक होतं. अशा प्रदेशातल्या चित्रात मॅडोनाचा गळा भरलेला दिसला तर ती शक्यता मी जमेस धरते, फक्त भरलेला गळा सुंदरही मानला जायचा हे विसरत नाही.

आता ज्यावर माझा सगळ्यात जास्त विश्वास आहे त्याकडे येते: चित्राच्या बाहेरचा कागद. बेल्जियममधल्या ब्रूजमध्ये यान व्हान आयिकचं १४३४ ते १४३६ मध्ये केलेलं मॅडोना आणि कॅनन योरिस व्हान डेर पाले यांचं चित्र आहे. कॅनन म्हणजे चर्चचा पदाधिकारी. वृद्ध, गुडघ्यांवर बसलेला, हातात वाचायचा चष्मा. त्याच्या कानशिलावरची रक्तवाहिनी जाड, नागमोडी दिसते, कानापुढचे केस विरळ झालेले. व्हान आयिक एकेक सुरकुती मोजून काढणारा, तेव्हा ही वाहिनी त्याने मनाने घातलेली नाही. डेकेकर यांनी १९८१ मध्ये इथे कानशिलाच्या धमनीचा दाह आणि त्याच्या जोडीने येणारा खांदे-मांड्या आखडणारा आजार असावा असं लिहिलं. आणि चर्चच्या नोंदींत आहे, की आजारपणामुळे या कॅननला सकाळच्या प्रार्थनांना न येण्याची मुभा दिली होती. ज्यांना हा आजार होतो त्यांना विचारा, सकाळी अंथरुणातून उठणं हीच त्यांची मोठी लढाई असते. पेशंट एरवी तोंडाने सांगतो ते इथे चर्चच्या दप्तराने सांगितलं. तरीही शंका ठेवते, कारण म्हातारपणी ही वाहिनी तशीही उठून दिसते, आणि उपचार नसताना हा दाह अनेकांची दृष्टी नेतो. कॅनन मात्र चष्मा हातात धरून आहे आणि १४४३ पर्यंत जगला. पण एवढा पुरावा मला ओपीडीतसुद्धा रोज मिळत नाही.

कागदाइतकीच बोलकी असते चित्र टांगण्याची जागा. फ्रान्समध्ये कोल्मारच्या उंटरलिंडेन संग्रहालयात इसेनहाइमची वेदी आहे, म्हणजे वेदीवर उभा केलेला, दारांसारखा उघडणारा चित्रफळ्यांचा संच, ग्रूनेवाल्डने १५१२ ते १५१६ मध्ये रंगवलेली. ती मूळची संत अँटनीच्या मठाची, आणि हे मठवासी एका विशिष्ट आजाराचे रोगी सांभाळत: संत अँटनीची आग. राय नावाच्या धान्यावर अरगटची बुरशी वाढते, दाण्याच्या जागी काळं शिंगासारखं काहीतरी येतं. ते पिठात गेलं, की त्यातली द्रव्यं रक्तवाहिन्या आवळतात. आधी हातापायांची भयंकर आग, मग काळं पडणं, मग ते अवयव गळून पडणं. मठात चांगल्या धान्याची भाकरी मिळे, डुकराच्या चरबीचं मलम मिळे, संताच्या अस्थींवरून ओतलेली वाइन मिळे, आणि गरज पडली तर सडलेला हात-पाय कापला जाई. चांगली भाकरी हाच खरा उपाय होता, हे त्यांना कारण न कळताच सापडलं होतं.

या वेदीत संत अँटनीला राक्षस छळत असल्याचं दृश्य आहे. त्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात लाल टोपडं घातलेला एक जीव पडला आहे: पोट फुगलेलं, हिरवट अंगावर पुवाळलेले फोड, थोटा हात वर केलेला. याला अरगटचा रोगी म्हणतात. मी या आकृतीसमोर फार वेळ काढला आहे, आणि मला ती एका आजाराची वाटत नाही. पोट फुगणं अरगटमध्ये बसत नाही. आणि पायांच्या बोटांमध्ये बदकासारखा पडदा आहे, तो कुठल्याच आजारात बसत नाही. ग्रूनेवाल्डने मठात जे जे पाहिलं ते एका राक्षसी शरीरात ओतलं असावं. मला त्याहून मोठा पुरावा वेदीच्या रचनेत दिसतो. क्रुसावरचा ख्रिस्त मधल्या फटीच्या एका बाजूला सरकवलेला आहे. दारं उघडताना त्याचा एक हात धडापासून सुटतो. खालच्या पट्टीवरच्या मृत ख्रिस्ताचे पाय तसेच वेगळे होतात. स्वतःचा हात किंवा पाय गमावून बसलेला रोगी समोर असताना हे होत होतं. जवळच्या दुसऱ्या दृश्यात संतांच्या पायाशी औषधी झाडं ओळखू येतील इतकी नीट रंगवली आहेत, त्यात आपल्या इसबगोलाच्या कुळातलीही आहेत.

हे आपल्याला लांबचं वाटेल, पण नाही. आमच्या भागात बाजरीवर अरगट पडतो. तो बुरशीचा वेगळा भाऊबंद, त्याची विषद्रव्यंही वेगळी, त्यामुळे हातपाय झडत नाहीत. पण अशी बाजरी खाऊन मळमळ, उलट्या, चक्कर, गुंगी येते, आणि १९५०च्या दशकात आपल्याकडे त्याच्या साथी झालेल्या आहेत. कृषी खातं पेरणीआधी १० लिटर पाण्यात २ किलो मीठ घालून बियाणं बुडवायला सांगतं, वर तरंगणारं काढून जाळायचं, ते त्यासाठीच. तुमच्या वर्गात शेतकऱ्याचं पोर असेल तर इसेनहाइमची वेदी त्याला आधी कळेल.

काही चित्रांत रोग असतो तो पाहून काढलेला नसतो, ओळख पटावी म्हणून ठेवलेला असतो. प्लेगपासून राखणारा संत रोक नेहमी कपडा वर करून मांडीवरचा घाव दाखवतो. प्लेगची गाठ येते जांघेत, काखेत, मानेत. जांघेत अवधाण येणं आपल्या आज्या-पणज्यांनी १८९६-९७च्या मुंबई-पुण्याच्या साथीत पाहिलं. चित्रात ती लज्जेखातर मांडीवर खाली सरकली. तिच्यावरून प्लेगचा अभ्यास करू नये, ती संताची ओळख आहे, विठोबाच्या कमरेवरच्या हातांसारखी.

उपदंशाचं, म्हणजे सिफिलिसचं, उलट. १४९५ मध्ये फ्रेंचांच्या नेपल्सवरच्या मोहिमेत तो युरोपभर उसळला, आणि १४९६ मध्येच न्यूरेंबर्गला अंगभर फोड आलेल्या माणसाचा लाकडी ठशाचा छाप निघाला, जर्मन चित्रकार ड्यूररचा मानला जाणारा. वर आकाशात १४८४ सालच्या ग्रहयोगाची नोंद, कारण रोग ग्रहांनी आला अशी समजूत. हे जवळजवळ बातमीचित्र आहे, म्हणून मोलाचं. हाच रोग पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरला. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात त्याला फिरंग रोग म्हटलं आहे. गोव्यात राहिलेला वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये तिथेच छापलेल्या ग्रंथात चोपचिनीच्या मुळावर वेगळं प्रकरण लिहिलं, तेही या रोगावरचं औषध म्हणून. ब्राँझिनोच्या १५४५च्या सुमाराच्या व्हीनस-क्युपिडच्या चित्रात मागे केस उपटणारी आकृती आहे. गळलेले केस, पडलेले दात, लाल डोळे यांवरून तिला उपदंश मानतात. विषय कामवासनेचा आहे म्हटल्यावर ते पटण्यासारखं आहे. पण मत्सराचं रूप म्हणून काढलेली बाईही अशीच दिसली असती.

डोळ्यांच्या डॉक्टरांना मी पीटर ब्रूगेलचं १५६८ मधलं नेपल्सचं आंधळ्यांचं चित्र आवर्जून दाखवते. सहा आंधळे एकामागे एक खड्ड्यात चालले आहेत. एकाच्या बुबुळावर स्पष्ट फूल पडलेलं, एकाच्या खोबणीत डोळाच उरलेला नाही, एकाचे डोळे सुकून आत गेलेले. विषय बायबलमधल्या दाखल्याचा, तिथे नुसते मिटलेले डोळे चालले असते. त्याने मात्र एकेकाचं आंधळेपण वेगळं केलं. एवढं कुणी बसून, जवळ जाऊन बघितल्याशिवाय करू शकत नाही.

मघाशी म्हटलं की चित्रातला माणूस काही सांगत नाही. याला मला माहीत असलेला सगळ्यात सुंदर अपवाद ब्रेमेनच्या संग्रहातलं ड्यूररचं छोटं रेखाटन. स्वतःला उघडं काढलं आहे, डाव्या कुशीवर पिवळा ठिपका, त्यावर उजव्या हाताचं बोट. वर लिहिलं आहे, की जिथे पिवळा डाग आहे आणि जिथे मी बोट दाखवतो आहे तिथे मला दुखतं. बहुधा दूरच्या एखाद्या वैद्याला पाठवण्यासाठी. माझ्या फोनवर लॉकडाऊनमध्ये आलेल्या फोटोंची ही आजी आहे. तिथे पांथरी, म्हणजे प्लीहा, असते. १५२० मध्ये नेदरलँड्समधल्या झेलंडला जाऊन आल्यावर त्याला वारंवार ताप येऊ लागला, म्हणून हिवताप आणि वाढलेली पांथरी असं निदान केलं जातं. पण रेखाटनाच्या सालाबद्दल एकमत नाही, आणि त्या काळच्या वैद्यकात पांथरी हे काळ्या पित्ताचं, खिन्नतेचं घर होतं. ड्यूररला दुखत होतं पोटात की मनात? इथे पेशंटने तोंड उघडलं, बोट ठेवलं, तरी मला हात लावून पांथरी चाचपता येत नाही, आणि तिथेच मी थांबते.

वर्गासाठी: पहिल्या दिवशी व्हान डेर पाले घ्या. त्याचं नाव, साल, काही सांगू नका. मुलांना दहा मिनिटं देऊन फक्त दिसलेलं लिहायला सांगा, आजाराचं एकही नाव नको. 'कानशिलावर वळणाची रेघ', 'हातात चष्मा' असं. मग चर्चची नोंद वाचून दाखवा. दुसऱ्या दिवशी पार्मिज्यानिनो आणि मेट्रोपॉलिटनमधला देवदूत शेजारी शेजारी ठेवा आणि विचारा, दोघांपैकी कुणाला डॉक्टरकडे न्याल. इसेनहाइमला मात्र पूर्ण तास द्या. पुठ्ठ्याची दारं करून उघडझाप करून दाखवता आली तर फारच चांगलं, हात सुटतो ते मुलांनी स्वतः पाहायला हवं. मोनालिसा शेवटी ठेवा. तोवर ती मुलगी स्वतःच विचारेल, की वार्निश काढलं तर रंग कुठला निघेल.